राखणदाराला लस कोण देणार?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात रात्री वाघ किंवा बिबट्या शिवारात उतरला की पहिली खबर कुत्रा देतो. त्याच्या भुंकण्याचा सूर बदलला की घरातली माणसे दार उघडण्याआधी कानोसा घेतात. पलीकडे गडचिरोलीत, धानोऱ्यापासून भामरागडपर्यंत, मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला किंवा गुरे चारायला निघालेल्या माणसाच्या मागेपुढे एखादा तरी कुत्रा असतोच. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि खायला मिळतो तो घरातला उरलासुरला भात. पण तो कुणाचा आहे हे साऱ्या टोल्याला, म्हणजे वाडीला, ठाऊक असते. हा राखणदार आजारी पडला तर न्यायचे कुठे, हे मात्र टोल्यावर कुणाला सांगता येत नाही.

पाळीव प्राण्याचा दवाखाना म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित खोली आणि फॅन्सी बिस्किटांची मांडणी येते. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले, त्याला १६५ कोटी रुपये खर्च आला. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे आणि गरिबाच्या जनावरालाही तिथे जागा मिळत आली आहे. अशा संस्था हव्यातच. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाची अडचण वेगळी आहे. डॉक्टरची फी हा त्याच्या खर्चातला सर्वांत लहान भाग असतो.

हिशेब करून पाहावा. रोजगार हमीवर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. खासगी दवाखान्यात कुत्र्याला रेबीजची लस टोचून घ्यायला साधारण दोन-चारशे रुपये पडतात, म्हणजे एका दिवसाची मजुरी. पिलाला पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांवरची एकत्रित लस त्याहून महाग, आणि ती एकदा देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू असताना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, असे ते सोळा आठवड्यांचे होईपर्यंत चालते. एवढेही एखादे घर पोटाला चिमटा काढून करील. पण सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि तिथून नागपूर आणखी पावणेदोनशे. भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर अख्खा दिवस एसटीत जातो, आणि आजारी कुत्र्याला एसटीत घ्यायला कंडक्टर सहसा तयार होत नाही. गाडी भाड्याने करणे तर मजुराच्या आवाक्याबाहेरचेच.

म्हणून या दोन जिल्ह्यांत परवडणारा उपचार म्हणजे घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा उपचार. बाकी सगळे त्यानंतर येते.

सरकारी यंत्रणा नाही असे नाही. जिल्हा परिषदेचे आणि राज्याचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. गावकरी त्याला जनावरांचा दवाखाना म्हणतात, काही ठिकाणी ढोरांचा दवाखाना. श्रेणी-१ मध्ये पदवीधर डॉक्टर, म्हणजे पशुधन विकास अधिकारी, आणि श्रेणी-२ मध्ये पशुधन पर्यवेक्षक. केसपेपरला नाममात्र शुल्क. दवाखान्यात कुत्रा आणला तर त्यालाही तपासतात. पण रचना मुळात गाय-बैल-म्हैस-बकरीसाठी झाली आहे, आणि ते चूकही नव्हते. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सुचवले होते की पाच हजार मोठ्या जनावरांमागे एक डॉक्टर असावा. जिथे एका पर्यवेक्षकाच्या वाट्याला नदी-नाल्यांपलीकडची कितीतरी गावे येतात आणि रिक्त पदांचा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहतो, तिथे कुत्र्याचा क्रमांक शेवटी लागतो, यात त्या पर्यवेक्षकाचा दोष नाही.

लाळ्या-खुरकुताची लस सरकार मोफत टोचते. त्यासाठी २०१९ मध्ये केंद्राने १३,३४३ कोटींचा कार्यक्रम हाती घेतला. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस गावात येते. बकऱ्यांना आंत्रविषाराची आणि पीपीआरची. लम्पी आला तेव्हा, २०२२ मध्ये, राज्यातल्या जवळपास सगळ्या गोवंशाला काही महिन्यांत मोफत लस टोचून झाली. मनावर घेतले तर ही यंत्रणा दुर्गम गावापर्यंत पोचते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. गायी-बैलांच्या कानात बारा अंकी बिल्ला आहे, त्या क्रमांकावर त्यांची लस नोंदवली जाते. कुत्र्याच्या कानात बिल्ला नाही. पशुगणनेत पाळीव कुत्रे वेगळे आणि भटके वेगळे मोजले जातात, पण गावात येणाऱ्या लशीच्या डब्यात त्यांच्या वाट्याची कुपी बहुतेक वेळा नसते. मालकाने बाहेरून आणावी, डॉक्टर टोचून देतील, अशी रीत. आणायची कुठून? दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागणारी कुपी एटापल्लीच्या आतल्या गावात कोण, कशातून नेणार?

माणसांनाच डॉक्टर मिळत नाही तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात, असा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. बाळंतिणीला खाटेवर झोपवून नाला ओलांडणारी गावे याच भागात आहेत. त्यांच्यापुढे कुत्र्याचे दुखणे मांडायला संकोच वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण नेमका माणसांच्या आरोग्याचाच विचार केला तर कुत्र्याची लस यादीत बरीच वर येते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या देशव्यापी पाहणीतून निघालेला अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. चावणाऱ्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक कुत्रे. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे डॉक्टरांना सांगावे लागते आणि नातलगांना ऐकावे लागते. कुत्रा चावल्यावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण त्यासाठी ठरलेल्या दिवशी चार वेळा जावे लागते. चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी, ३१२ च्या दराने १,२४८ रुपये, शिवाय येण्या-जाण्याचे भाडे. मुलाला कुत्रा चावला असेल तर आई किंवा बापाची मजुरी बुडते. तिसऱ्या खेपेला कंटाळून जाणे सोडलेली माणसे प्रत्येक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला माहीत असतात. कुत्र्यालाच वर्षातून एक टोचणी दिली असती, तर त्या खेपांमागची भीती तरी उरली नसती.

हे पुस्तकातले बोलणे नाही, शेजारच्या गोव्याने करून दाखवले आहे. तिथे राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने २०१४ पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात केली. हाताने धरता येईल त्याला हाताने, नाही तर जाळी टाकून. कुठल्या गल्लीत किती कुत्र्यांना टोचले याची मोबाईलवर नोंद. पुढे वर्षाला लाखाच्या घरात कुत्रे या मोहिमेत येऊ लागले. २०२१ मध्ये गोवा रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा मागची तीन वर्षे राज्यात एकही माणूस रेबीजने दगावला नव्हता. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, गडचिरोली जिल्ह्याचे १४,४१२. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची साडेचौदा लाखांच्या पुढे आणि गडचिरोलीची पावणेअकरा लाखांच्या आत. माणसे कमी म्हणजे गावठी कुत्रेही आटोक्यातले, पण त्यांच्यापर्यंतची वाट चौपट. तेव्हा गोव्याची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथे जीप दारापर्यंत जात होती. इथे आठवडी बाजारावर भर द्यावा लागेल.

आठवडी बाजार ही या भागातली सर्वांत भरवशाची जागा आहे. डॉक्टरचा फिरतीचा दिवस चुकेल, बाजाराचा वार चुकत नाही. दहा-पंधरा गावांची माणसे तिथे येतात, कोंबडे-बकरे घेऊन येतात. तिथे एका झाडाखाली टेबल, बर्फाचा डबा, सिरिंज आणि नोंदवही एवढे मांडले तरी कितीतरी कुत्र्यांची लस होईल. रेबीजची पशुवैद्यकीय लस दहा मिलिलिटरच्या कुपीतही येते आणि एका कुपीत दहा कुत्रे होतात. एकट्यासाठी फोडली तर उरलेल्या नऊ मात्रा वाया. म्हणून एकट्याने जाणे नेहमी महाग पडते. टोल्यावरच्या दहा घरांनी ठरवून एकाच दिवशी कुत्रे आणले तर डॉक्टरलाही कुपी फोडताना विचार करावा लागणार नाही आणि माणशी खर्च किरकोळ होईल. हे आजच, कुठल्याही शासन निर्णयाची वाट न पाहता, करण्यासारखे आहे.

आता लशीकडून आजाराकडे. पावसाळ्याच्या तोंडावर जन्मलेले तीन महिन्यांचे पिल्लू समजा. सकाळी खात नाही, दुपारी ओकते, संध्याकाळी पातळ जुलाब होतात आणि त्यात रक्त दिसते, त्याला एक वेगळाच घाण वास असतो. हा पार्व्हो. विषाणूला मारणारे औषध हाताशी नसते. पिल्लू मरते ते अंगातले पाणी संपून आणि आतड्यातले जंतू रक्तात शिरून. मोठ्या शहरात त्याला चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन देतात आणि बिल कित्येक हजारांत जाते. गरीब मालकाला हा आकडा सांगितला की तो मुकाट्याने पिल्लू उचलून घरी नेतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात याच अडचणीवर एक प्रयोग झाला. चाळीस पिल्लांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरले. मग निम्मी दवाखान्यात ठेवली आणि निम्म्यांना घरी करता येतील असे उपचार दिले: कातडीखाली सलाईन, उलटी थांबवण्याचे इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक, आणि दिवसभर लक्ष. दवाखान्यातली ९० टक्के जगली, दुसऱ्या गटातली ८० टक्के. दहा टक्क्यांचा फरक आहे, तो नाकारू नये. पण वेलगूर किंवा जिवतीच्या पिल्लासमोर दवाखाना आणि घर असा पर्याय नसतोच. पर्याय असतो घरचा उपचार किंवा मरण. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून तिच्याखाली सुई सरकवणे आणि कोमट सलाईनची फुगवटी आली की बोटाने भोक दाबून धरणे, हे काम डॉक्टरने एकदा समोर बसून शिकवले तर घरातली शाळकरी मुलगीही करू शकते. इथल्या डॉक्टरांनी असे ऐपतीप्रमाणे उपचार सुचवायला कचरू नये. सर्वोत्तम नाही म्हणून काहीच नाही, हा न्याय गरिबाच्या जनावरावर फार दिवस झाला आहे.

डॉक्टर पोचत नाही तिथे कुणीतरी दुसरा पोचतोच, हेही पाहिले पाहिजे. पिशवीत सिरिंज घेऊन फिरणारा, माणसांच्या दुकानातली औषधे जनावरांना टोचणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडेल. त्याला शिव्या देणे सोपे आहे. तो पन्नास रुपयांत हाकेला येतो म्हणून लोक त्याला बोलावतात. पण त्याच्या सुईची किंमत गडचिरोलीने मोजलेली आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे स्वस्त औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती मरत. पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली; तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या कुप्याही बंद कराव्या लागल्या. गडचिरोलीत वनखात्याला गिधाडांसाठी उपाहारगृहे, म्हणजे सुरक्षित मांस ठेवण्याच्या जागा, उभारावी लागली, त्यामागे हीच कथा आहे. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध तेव्हाही होते आणि महागही नाही. मात्र ते योग्य वेळी योग्य माणसाच्या हातात असायला हवे. तीच गोष्ट घरगुती उपायांची. ताप आला म्हणून मांजराला दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते, हे कुणी सांगितलेलेच नसते.

जंगलकाठच्या कुत्र्याचा आजार कुत्र्यापाशी थांबत नाही, याचाही धडा जगाने घेतलेला आहे. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये डिस्टेंपरने सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले. रशियातल्या अमूर वाघांना या रोगाने गाठले. गुजरातच्या गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेवीस सिंह दगावले, त्यातही डिस्टेंपरचा विषाणू सापडला. महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या कुत्र्यांचे रक्त शास्त्रज्ञांनी तपासले, तर पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या खुणा मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांत बिबटे कुत्रे उचलून नेतात, वाघ गावाच्या वेशीवर येतात. जखमी वाघ-बिबट्यांसाठी चंद्रपूरला वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आणि तिथले डॉक्टर जीव धोक्यात घालून काम करतात. त्याच जंगलाच्या काठावरच्या कुत्र्यांना डिस्टेंपरची लस देणे हा त्या वाघासाठीच केलेला खर्च ठरेल. पर्यटनातून व्याघ्र प्रकल्पाकडे येणाऱ्या पैशातला काही भाग भोवतालच्या गावांवर खर्च होतो. त्यात कुत्र्यांच्या लशीला जागा असायला काय हरकत आहे?

मग हे काम करायचे कुणी? याचे अर्धे उत्तर गडचिरोलीतच सापडते, आणि ते इतके जवळचे आहे की त्याकडे कुणी पाहत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे श्वास मोजणे, वजन करणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सगळे थोड्या शिकलेल्या आरोग्यदूत बायकांनी केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरातल्या आशा सेविकांच्या कामात ती पद्धत आली. ज्या मातीत एका आरोग्यदूताने पाच दिवसांच्या बाळाला इंजेक्शन दिले, त्या मातीत बकरीला जंताचे औषध पाजायला आणि कुत्र्याची जखम धुवायला माणूस तयार होत नाही, असे म्हणायला जागा नाही.

‘उमेद’ अभियानातून पशुसखी तयार होतात. त्या बचत गटातल्या बायका असतात, गावच्याच. बकऱ्या-कोंबड्यांना जंताचे औषध, प्राथमिक उपचार, लसीकरणाच्या दिवशी घरोघर बोलावणे, हे त्यांचे काम. कायद्याची चौकट सांभाळावीच लागेल: भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा, त्याप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरशिवाय कुणी उपचाराचा व्यवसाय करू शकत नाही, आणि किरकोळ सेवांसाठीही डॉक्टरची देखरेख लागते. पशुसखीला डॉक्टर करावे असे कुणी म्हणत नाही. तिने गोचिडांनी भरलेला, पांढऱ्या हिरड्यांचा कुत्रा ओळखावा, फोनवर डॉक्टरला दाखवावा आणि त्यांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात का ते पाहावे. गोचीडतापावर नेहमी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन अगदी स्वस्त आहे. अडते ते आजार वेळेत ओळखण्यावर. शिवाय तिला माडिया, गोंडी येते, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. नव्याने बदलून आलेल्या डॉक्टरला हे जमायला वर्षे लागतात. तिच्या कामाचे मानधन मात्र ठरलेले आणि वेळेवर हवे. सेवाभावावर बायकांकडून फुकट काम करून घेण्याची सवय आपल्या योजनांनी सोडली पाहिजे.

दुसरा अर्धा भाग म्हणजे चाकांवरचा दवाखाना. लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत १९१७ साली मारिया डिकिन या बाईंनी एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना उघडला. पैसे देता येत नाहीत म्हणून लोक कुत्री, मांजरे, गाढवे मरू देत होते, ते तिला पाहवेना. काही वर्षांत तिने घोडागाडीवर दवाखाना बसवला आणि गावोगाव फिरवला. तिची पीडीएसए ही संस्था आजही ब्रिटनमध्ये गरिबांच्या प्राण्यांवर उपचार करते. शंभर वर्षांनी भारतात १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरती पशुवैद्यकीय पथके आली, साधारण एक लाख पशुधनामागे एक गाडी या हिशेबाने. हा हिशेब सपाट, दाट वस्तीच्या जिल्ह्याला ठीक. गडचिरोलीत लाख जनावरांसाठी गाडीला किती किलोमीटर कापावे लागतात, ते नकाशा पाहूनच कळते. इथे गाड्यांची संख्या जनावरांवरून न ठरवता अंतरावरून ठरवायला हवी. मध्य प्रदेशाने या सेवेसाठी गायी-म्हशीला १५० आणि कुत्र्या-मांजराला ३०० रुपये असा दर लावला. कुत्र्याला दुप्पट दर लावणाऱ्याच्या मनात बंगल्यातला कुत्रा असणार. महाराष्ट्राने तो कित्ता गिरवू नये. रेशनकार्ड पाहून निर्णय घ्यावा.

पैसा कुठून, हा प्रश्न गडचिरोलीत इतर ठिकाणांपेक्षा सोपा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करू लागल्या. पेसा क्षेत्रातल्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. गावातल्या शे-दीडशे कुत्र्यांच्या रेबीजच्या लशीला लागणारी रक्कम तेंदूच्या एका हंगामाच्या तुलनेत नगण्य आहे. हा ठराव ग्रामसभेने करावा, कारण कुणाचे कुत्रे किती आणि कुठल्या घरातल्या मुलाला नुकताच कुत्रा चावला, हे तिलाच माहीत असते.

चंद्रपूर शहरात आणि बल्लारपूर, भद्रावती, वरोरा या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या गावांत चित्र थोडे निराळे. तिथे खासगी डॉक्टर आहेत, ‘प्यार फाउंडेशन’सारखी तरुणांची संस्था रस्त्यावरच्या जखमी जनावरांना उचलून नेते. अडतो तो कंत्राटी कामगार, धुणीभांडी करणारी बाई, ऑटोवाला, ज्यांच्या घरात एक कुत्रा किंवा दोन मांजरी आहेत आणि ज्यांना संस्थेच्या दारात उभे राहायला संकोच वाटतो, कारण आपला प्राणी बेवारस नाही. केंद्राच्या २००१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, तिला राज्याने जागा द्यावी आणि तिच्या रुग्णालयात पूर्णवेळ डॉक्टर असावा. हा नियम येऊन पाव शतक होत आले. चंद्रपूरसारख्या खनिज निधी असलेल्या जिल्ह्यात असे एक रुग्णालय जिल्हाधिकाऱ्यांनी मनात आणले तर उभे राहू शकते, आणि तिथे आठवड्यातले दोन दिवस नसबंदीसाठी राखून ठेवता येतील. नसबंदी ही गरिबाला सर्वांत जास्त पैसे वाचवणारी शस्त्रक्रिया आहे. दरवर्षी सहा-आठ पिल्ले, त्यांतली निम्मी पार्व्होने मेलेली आणि उरलेली बाजारात सोडलेली, हे चक्र तिथेच थांबते. गुंतागुंतीच्या आजारासाठी नागपूरचे सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांची महिनाभराची फेरी या दोन जिल्ह्यांत लावली तर त्यांचेही शिक्षण होईल.

केंद्राने मार्च २०२५ मध्ये पशुऔषधी योजनेला मंजुरी दिली, स्वस्त जेनेरिक औषधांसाठी ७५ कोटी रुपये ठेवले. ती केंद्रे सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांतून चालायची आहेत. अहेरी, कुरखेडा, गोंडपिपरी इथे ती कधी येतील, आणि त्यांच्या यादीत कुत्र्याच्या खरजेचे औषध असेल का, हे इथल्या आमदार-खासदारांनी विचारायला हवे.

सगळ्यांत तातडीचे काम मात्र त्याहून लहान आहे. जून उजाडला की पर्लकोटा नदी चढते, भामरागडचा रस्ता दिवसच्या दिवस बंद राहतो आणि पलीकडच्या गावांत सप्टेंबरपर्यंत कुणी पोचत नाही. त्याच्या आधी, मे महिन्यात, घटसर्प-फऱ्याच्या लशीसाठी पशुसंवर्धन विभागाची माणसे बर्फाचा डबा घेऊन या टोल्यांवर जातातच. गाडी तीच, माणसे तीच, बर्फही तोच. जिल्हा परिषदेने यंदाच्या नियोजनात त्या डब्यात प्रत्येक गावाच्या कुत्र्यांच्या हिशेबाने रेबीजच्या कुप्या घालाव्यात, आणि आदल्या दिवशी पोलीस पाटलाने आणि पशुसखीने सांगून ठेवावे की उद्या बैलांबरोबर कुत्रेही बांधून ठेवा.